अटलांटिकच्या काठची रोमन बंदरे : गादेसच्या व्यापाऱ्यांची कथा

रोम शहराच्या दक्षिण भागात, टायबर नदीच्या काठाजवळ, एक टेकडी आहे. उंची सुमारे ३५ मीटर, घेर सुमारे एक किलोमीटर. तिच्यावर गवत उगवले आहे, झुडपे वाढली आहेत. लांबून पाहणाऱ्यास ती निसर्गानेच घडविलेली वाटावी. परंतु जवळ जाऊन उकरले तर हाती लागतात ती केवळ खापरे. टेकडीचे नावच मुळी ‘मोंते तेस्ताच्यो’, म्हणजे खापरांची टेकडी, असे आहे. सुमारे पाच कोटी तीस लाख घड्यांची खापरे तिच्यात असावीत, असा एक अंदाज अभ्यासकांनी केला आहे. हे घडे होते तेलाचे. त्यांतील बहुसंख्य घडे भूमध्य समुद्राच्या पलीकडून, स्पेनच्या दक्षिण प्रांतातून, अटलांटिक महासागराला मिळणाऱ्या एका नदीच्या काठावरून आले होते. तेल रोममध्ये खपले, रिकामे घडे पुन्हा उपयोगाचे नव्हते, म्हणून ते फोडून येथे रचले गेले. कुजणाऱ्या तेलाची दुर्गंधी मारण्यासाठी वरून चुना टाकला गेला.

इ. स. १८७२ मध्ये हाइनरिख ड्रेसेल या जर्मन विद्वानाने या टेकडीत शोध आरंभिला, तेव्हा एक विलक्षण गोष्ट त्याच्या ध्यानी आली. या खापरांवर शाईने लिहिलेला मजकूर होता. त्यात काव्य नव्हते, राजाज्ञा नव्हती, देवाची प्रार्थनाही नव्हती. रिकाम्या घड्याचे वजन, आतील तेलाचे निव्वळ वजन, व्यापाऱ्याचे नाव, तपासणीचे ठिकाण आणि वर्ष, एवढाच तो मजकूर. आपल्या भाषेत सांगावयाचे तर बारदान, नक्त वजन, मालधन्याचे नाव आणि नाक्यावरील नोंद. अठराशे वर्षांपूर्वीच्या बाजारपेठेतील ही वही मातीवर लिहिली गेली म्हणून वाचली. ती ज्या लोकांनी लिहिली, त्यांची बंदरे कोठे होती, ते काय विकत, कोणती जोखीम घेत आणि अखेर त्यांचे काय झाले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

महासागराच्या तोंडावरील नगर

भूमध्य समुद्र हा चहूंकडून जमिनीने वेढलेला आहे. त्यात भरती-ओहोटी जवळजवळ जाणवत नाही. ग्रीक आणि रोमन दर्यावर्दी त्याला ‘आपला समुद्र’ म्हणत. जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडली की जो अफाट जलविस्तार लागे, तो त्यांच्या लेखी ‘बाहेरचा समुद्र’ होता. तेथे दिवसातून दोनदा पाणी चढे आणि उतरे. सकाळी जेथे गलबत तरंगत असे, तेथे दुपारी चिखल दिसे. पोसिडोनिअस हा ग्रीक पंडित इ. स. पूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आरंभी गादेस येथे तीस दिवस राहिला आणि सूर्यास्त व भरती-ओहोटी यांची निरीक्षणे त्याने टिपून ठेवली. आपल्या कोकणातील कोणत्याही तांडेलास जे बाळपणापासून ठाऊक असते, ते भूमध्य समुद्राच्या पंडितास मुद्दाम प्रवास करून शिकावे लागले.

गादेस म्हणजे स्पेनमधील आजचे कादिस. हे नगर फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसविले. प्राचीन लेखकांनी त्याचा काळ इ. स. पूर्वी ११०० च्या सुमाराचा सांगितला आहे. उत्खननात मिळालेले अवशेष इ. स. पूर्वीच्या नवव्या शतकाच्या अखेरपर्यंत मागे जातात. त्याचे मूळ नाव ‘गादिर’, अर्थ तटबंदीची जागा. नगर होते बेटावर. स्ट्रेबो हा भूगोलकार लिहितो की, या बेटाची लांबी फार नाही, रुंदी तर काही ठिकाणी अगदीच थोडी. तरीही येथील लोक आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही समुद्रांसाठी सर्वांत मोठी आणि सर्वांत अधिक व्यापारी गलबते सज्ज करतात. त्याने दिलेले कारणही विचार करण्याजोगे आहे. जमीन थोडी, म्हणून माणसे समुद्रावर गेली. घरी राहणारे थोडे आणि जलप्रवासात असणारे पुष्कळ.

त्याच स्ट्रेबोने आणखी एक आकडा नोंदविला आहे. त्याच्या काळच्या एका गणतीत गादेसमध्ये ‘अश्वारूढ’ वर्गाचे पाचशे नागरिक निघाले. या वर्गात गणना होण्यास चार लक्ष सेस्तर्स नाण्यांची मालमत्ता लागे. खुद्द इटलीतही पादुआखेरीज एकाही नगरास हा आकडा गाठता आला नव्हता. एवढ्याशा बेटावर पाचशे गृहस्थ त्या तोलाचे, ही समृद्धी केवळ शेतीतून येणारी नव्हे.

कथलाचे गुपित

गादेसच्या पहिल्या वैभवाचा पाया कथील होता. तांब्यात कथील मिसळल्यावाचून कासे होत नाही, आणि कथील फार थोड्या प्रदेशांत सापडते. अटलांटिकच्या काठी, स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात आणि उत्तरेस ब्रिटनमध्ये, ते मिळे. फिनिशियन गलबते ते आणीत आणि वाट कोणास सांगत नसत.

या संबंधात स्ट्रेबोने एक कथा दिली आहे. काही रोमन व्यापाऱ्यांनी ही वाट कळावी म्हणून एका फिनिशियन तांडेलाच्या पाठीमागे आपले गलबत लावले. तांडेलास ते समजले. त्याने आपले गलबत मुद्दाम उथळ पाण्यात घातले आणि मागून येणाऱ्यांसही त्याच नाशात ओढले. स्वतः तो फुटलेल्या गलबताच्या फळीवर तरंगून वाचला, आणि त्याच्या राज्याने बुडालेल्या मालाची संपूर्ण किंमत त्यास भरून दिली.

ही कथा वाचून प्रथम त्या तांडेलाच्या धैर्याचे कौतुक वाटते. मग मनात दुसरा विचार येतो. त्याने गलबत बुडविले ते एकट्याच्या हिंमतीवर नव्हे. आपले नुकसान आपल्या लोकांच्या अंगावर वाटले जाईल, आपण उघडे पडणार नाही, हा विश्वास त्यामागे होता. व्यापारी समाजाची खरी ताकद अशा वेळी दिसते. परंतु त्या कथेचा शेवट येथे होत नाही. स्ट्रेबो पुढे सांगतो की, रोमनांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न करून वाट शोधलीच. पुब्लिअस क्रासस हा अधिकारी त्या प्रदेशात पोहोचला. खाणी फार खोल नाहीत आणि लोक शांत आहेत असे पाहून त्याने इच्छुकांस ही माहिती खुली केली. ज्या पेढीचा सारा आधार एका गुपितावर असतो, तिची भरभराट त्या गुपिताच्या आयुष्याएवढीच असते. गादेस टिकले याचे कारण, कथलाचे गुपित फुटेपर्यंत त्याने दुसरे पुष्कळ धंदे उभे केले होते.

दोन नगरांचे दोन मार्ग

रोमची सत्ता अटलांटिकपर्यंत पोहोचली तेव्हा किनाऱ्यावरील व्यापारी समाजांपुढे बिकट प्रश्न उभा राहिला. त्याची दोन उत्तरे इतिहासात नोंदलेली आहेत.

पहिले उत्तर व्हेनेटी लोकांचे. हे फ्रान्सच्या ब्रिटनी भागातील दर्यावर्दी होते. ब्रिटनशी होणारा व्यापार त्यांच्या हाती होता. त्यांच्या गलबतांचे वर्णन खुद्द सीझरने केले आहे. ओक लाकडाची भरभक्कम बांधणी, ओहोटीत चिखलावर टेकता यावे म्हणून सपाट तळ, उंच नाळ, चामड्याची शिडे, आणि नांगरास दोरखंडाऐवजी लोखंडी साखळी. अटलांटिकचा स्वभाव ओळखून बांधलेली ही गलबते होती. त्यांच्यापुढे रोमनांची वल्ह्यांची हलकी जहाजे ठेंगणी पडली. आपला ब्रिटनचा व्यापार हातचा जाणार, या धास्तीने व्हेनेटींनी शस्त्र उचलले. इ. स. पूर्वी ५६ मध्ये समुद्रावर लढाई झाली. रोमनांनी लांब काठ्यांना धारदार आकडे बांधून शिडांचे दोर तोडले. त्यातच वारा पडला आणि वल्ह्यांवाचून चालणारी ती मोठी गलबते जागच्या जागी अडकली. सीझरने त्यांच्या साऱ्या पुढाऱ्यांस ठार केले आणि उरलेल्यांस गुलाम म्हणून विकले.

दुसरे उत्तर गादेसचे. कार्थेज आणि रोम यांच्या युद्धात, इ. स. पूर्वी २०६ मध्ये, या नगराने रोमशी करार केला आणि आपला कारभार बराचसा आपल्या हाती राखला. पुढे इ. स. पूर्वी ६१ मध्ये सीझर स्पेनच्या प्रांताचा अधिकारी असताना गादेसची जहाजे घेऊन वायव्य टोकावरील ब्रिगांतियमपर्यंत गेला. इ. स. पूर्वी ४९ मध्ये त्याने गादेसच्या लोकांस रोमचे नागरिकत्व दिले.

या नगरातील बाल्बुस घराण्याचा उत्कर्ष म्हणजे या मार्गाचे फळ होय. लुसिअस कॉर्नेलिअस बाल्बुस यास पॉम्पीने नागरिकत्व दिले होते. रोममधील काही लोकांस या परदेशी धनिकाचा मत्सर वाटला व त्यांनी ते नागरिकत्वच बेकायदा ठरविण्यासाठी खटला भरला. इ. स. पूर्वी ५६ मध्ये सिसेरोने त्याची बाजू मांडली आणि बाल्बुस निर्दोष सुटला. ज्या वर्षी व्हेनेटींची बाजारपेठ समुद्रात बुडाली, त्याच वर्षी गादेसचा एक गृहस्थ रोमच्या न्यायालयात आपला हक्क शाबीत करून घेत होता! इ. स. पूर्वी ४० मध्ये तो कॉन्सल झाला. परकीय म्हणून जन्मलेल्या माणसास हे सर्वोच्च पद मिळण्याची ती पहिलीच वेळ. मृत्युपत्राने त्याने रोमच्या प्रत्येक नागरिकास २५ देनारी नाणी ठेवली. त्याच्या पुतण्याने गादेसला नवे नगर आणि समोरच्या मुख्य भूमीवर गोदी बांधून दिली.

व्हेनेटी भेकड नव्हते आणि गादेसकर लाचार नव्हते, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. व्हेनेटींना वाटाघाट करण्यास अवसर कितपत मिळाला असता, हे सांगणे कठीण आहे. एवढे मात्र दिसते की, गादेसने करार केला तो त्याच्या जहाजांची रोमला गरज होती अशा वेळी. हाती माल असताना सौदा करावा, हे त्या नगराने साधले.

नदी, तेल आणि दीपस्तंभ

पुढील दोन-अडीच शतके या किनाऱ्याच्या भरभराटीची होत. आजची ग्वादलकिवीर, म्हणजे त्या काळची बेतिस नदी, गादेसच्या उत्तरेस अटलांटिकला मिळते. स्ट्रेबोच्या सांगण्याप्रमाणे मोठी गलबते हिस्पालिस, म्हणजे आजच्या सेव्हिलपर्यंत, नदीतून आत जात. त्याहून लहान गलबते इलिपापर्यंत आणि नदीतील होड्या कोर्दोबापर्यंत पोहोचत. या खोऱ्यातून धान्य, द्राक्षासव, उत्कृष्ट ऑलिव्ह तेल, मेण, मध, डांबर, किरमिजी रंग आणि हिंगूळ बाहेर जाई. तेथून निघणाऱ्या गलबतांची संख्या आफ्रिकेच्या गलबतांशी जवळजवळ बरोबरी करी, असे तो म्हणतो.

नदीकाठी घडे भाजण्याच्या भट्ट्या होत्या. पोट वाटोळे, मान आखूड, दोन बळकट कान. रिकाम्या घड्याचे वजन सुमारे ३० किलो आणि त्यात तेल मावे सुमारे ७० लिटर. अनुकूल वारा असल्यास गादेसहून रोमच्या ओस्तिया बंदरात सात दिवसांत पोहोचता येते, असे प्लिनीने लिहिले आहे. खुष्कीच्या वाटेची कल्पना यावी म्हणून एक पुरावा सांगतो. इटलीतील विकारेल्लो येथे सापडलेल्या चार चांदीच्या पेल्यांवर गादेस ते रोम या मार्गावरील मुक्कामांची नावे आणि अंतरे कोरलेली आहेत. बेरीज होते सुमारे १८४० रोमन मैल, म्हणजे सुमारे २७०० किलोमीटर. अवजड घडे कोणत्या वाटेने जाणार, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

या किनाऱ्याचा दुसरा मोठा धंदा खारविलेल्या मासळीचा आणि तिच्यापासून बनविलेल्या ‘गारुम’ नावाच्या द्रवाचा होता. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांस या मालाविषयी रुची असण्याचे कारण नाही. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो टाळता येत नाही. गादेसच्या नाण्यांवर एका बाजूस मेलकार्त देवाचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूस कुपा मासा कोरलेला असे, यावरून त्याचे महत्त्व कळावे. आजच्या तारीफाजवळील बाएलो क्लाउदिया हे सारे नगरच या धंद्यावर उभे होते. पोर्तुगालमध्ये सादो नदीच्या मुखाशी त्रोया येथे रोमन जगातील ज्ञात कारखान्यांपैकी सर्वांत मोठा कारखाना सापडला आहे. लिस्बनच्या, म्हणजे त्या काळच्या ओलिसिपोच्या, व्यापारी पेठेखाली आणि मोरोक्कोतील लिक्सस येथेही असे हौद मिळाले आहेत. मिठागर, कुंभारवाडा, गोदी आणि पेढी हे चार धंदे एकमेकांस धरून चालत. एक थांबला की बाकीचे थांबत.

उत्तरेस जाणाऱ्या गलबतांसाठी वायव्य टोकावर, आजच्या ला कोरुन्या येथे, रोमनांनी एक दीपस्तंभ बांधला. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस वा दुसऱ्याच्या आरंभी तो उभा राहिला. गाईउस सेव्हिउस लुपुस या वास्तुकाराचे नाव त्याच्या पायथ्याशी खडकावर कोरलेले आहे. तो आजच्या कोइंब्राचा रहिवासी होता. इ. स. १७८८ ते १७९१ या काळात स्तंभास बाहेरून नवे दगडी आच्छादन घातले गेले, परंतु आतील गाभा रोमन आहे. आजही तेथे दिवा लागतो. २००९ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

पत, जोखीम आणि शाईचा लेख

आता पुन्हा त्या खापरांकडे वळू. घड्याच्या मानेवर वरच्या अंगास रिकाम्या घड्याचे वजन. त्याखाली व्यापाऱ्याचे नाव. ‘अमक्याचा माल’ अशा षष्ठी विभक्तीत. त्याखाली तेलाचे वजन. बाजूस, कानाजवळ, तिरप्या घाईच्या अक्षरांत तपासणीची नोंद: हिस्पालिस, कोर्दोबा अथवा आस्तिगी येथील नाका, पुन्हा वजन, तपासनिसाची खूण, आणि त्या वर्षीच्या कॉन्सलांची नावे, म्हणजे साल. याशिवाय घड्याच्या कानावर, भाजण्यापूर्वी उमटविलेला शिक्का.

या पद्धतीचा अर्थ व्यापाऱ्यास सहज उमगेल. बारदान प्रथम लिहिले, म्हणून कोणासही एकंदर वजनातून ते वजा करून पाहता येई. वजन दोघांनी केले, म्हणून एकट्याच्या शब्दावर सौदा अवलंबून राहिला नाही. नाव लिहिले, म्हणून वाटेत तेल कमी झाले अथवा भेसळ निघाली तर जबाब कोणी द्यावयाचा हे ठरलेले होते. गादेस आणि रोम यांमध्ये २७०० किलोमीटरांचे अंतर. घेणारा आणि देणारा एकमेकांस बहुधा कधीच पाहत नसत. त्यांच्यामध्ये विश्वासाचा जो पूल होता, तो या चार ओळींचा.

जोखमीचीही व्यवस्था होती. रोमन कायद्यात समुद्री कर्जाचा निराळा प्रकार मानलेला होता. गलबत सुखरूप पोहोचले तर मुद्दल व्याजासह परत करावयाचे. बुडाले तर कर्ज देणाऱ्याने ते सोडून द्यावयाचे. धोका सावकाराच्या माथी असल्यामुळे अशा कर्जाच्या व्याजास फार काळ मर्यादा नव्हती, इ. स. ५२८ मध्ये सम्राट जस्टिनिअनने ती शेकडा बारा ठरविली. दुसरा नियम ऱ्होड्स बेटाच्या नावाने प्रसिद्ध आहे. वादळात गलबत वाचविण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला, तर ज्यांचा माल वाचला त्या सर्वांनी आपापल्या हिश्श्याप्रमाणे ते नुकसान सोसावयाचे. एकाचा माल सर्वांसाठी गेला, म्हणून सर्वांनी त्याचा भार उचलावयाचा. सागरी विम्याच्या व्यवहारात हे तत्त्व आजही चालू आहे.

गादेसहून भारताकडे

या दूरच्या किनाऱ्याचा आपल्या देशाशी काही संबंध होता काय? होता, आणि त्यातील एक प्रसंग तर कादंबरीत शोभावा असा आहे.

युडॉक्सस नावाचा ग्रीक गृहस्थ इ. स. पूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये आला. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर त्या सुमारास एक भारतीय खलाशी अर्धमेल्या स्थितीत सापडला होता. त्याचे सोबती उपासमारीने मेले होते. त्याने भारताची वाट दाखविण्याचे कबूल केले. युडॉक्सस त्या वाटेने जाऊन सुगंधी द्रव्ये आणि रत्ने घेऊन परतला, पण राजाने सर्व माल काढून घेतला. दुसऱ्या सफरीनंतरही तेच झाले. परंतु या दुसऱ्या सफरीत वाऱ्याने भरकटून तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यास लागला असता, घोड्याची आकृती कोरलेली नाळेची एक फळी त्यास मिळाली. इजिप्तच्या बाजारात जाणकारांनी ओळखले की, ही खूण गादेसच्या मासेमारी गलबतांची! मग आफ्रिकेस वळसा घालून पश्चिमेकडून भारतास जाता आले पाहिजे, आणि तसे गेल्यास राजाची जप्ती टळेल, असा हिशेब त्याने मांडला. आपली सारी मालमत्ता त्याने या साहसात घातली. गादेस येथे मोठे गलबत आणि दोन होड्या सज्ज करून, वैद्य, कारागीर आणि गाणाऱ्या मुलीसुद्धा बरोबर घेऊन, तो भारताकडे निघाला. पहिला प्रयत्न गलबत रुतल्याने अर्धवट राहिला. दुसऱ्या वेळी शेतीची अवजारे आणि बियाणे घेऊन तो निघाला, आणि तेथेच त्याची हकीकत संपते. स्ट्रेबोस ही कथा विश्वसनीय वाटत नाही. पोसिडोनिअसला ती खरी वाटली. ती खरी असो वा नसो, जाचक जप्ती व्यापाऱ्यास किती दूरची वाट धरावयास लावते, हे तीत स्पष्ट आहे.

खरा व्यापार मात्र इजिप्तमार्गे चाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत तांबे, शिसे, पोवळे यांबरोबर कथील येते. लुसितानिया आणि गालेशिया, म्हणजे आजचा पोर्तुगाल आणि वायव्य स्पेन, येथे कथील निघते असे प्लिनी सांगतो. भडोचच्या धक्क्यावर उतरणाऱ्या कथलापैकी काही या अटलांटिक किनाऱ्यावरचे असावे, हे म्हणूनच संभवनीय आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून भडोचकडे गाड्यांनी माल येत असल्याचा उल्लेख आहे. पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथील उत्खननात मिळालेल्या घड्यांच्या तुकड्यांत काही तुकडे स्पेनच्या तेलाच्या आणि गारुमच्या घड्यांचे म्हणून ओळखले गेले आहेत. तेरच्या मलमलीचा व्यापारी आणि गादेसचा तेलाचा व्यापारी एकमेकांस ओळखत नव्हते; पण दोघांचा माल एकाच बाजाराच्या दोन टोकांस होता.

नाव पुसले गेले

या वैभवाचा शेवट कसा झाला, तेही खापरांनीच सांगितले आहे. इ. स. १९७ मध्ये सम्राट सेप्टिमिअस सेव्हेरस याने आपला प्रतिस्पर्धी अल्बिनस याचा पाडाव केला आणि अल्बिनसचा पक्ष घेणाऱ्या स्पेन व गॉलमधील अनेक प्रमुखांस ठार करून त्यांची मालमत्ता जप्त केली. त्यानंतरच्या घड्यांवर, जेथे पूर्वी व्यापाऱ्याचे नाव असे, नेमके तेथे ‘आमच्या स्वामींचे’ म्हणून सम्राटांचे नाव दिसू लागते. पुढे त्या जागी सरकारी खजिन्याच्या खात्याचे नाव येते. बारदान पूर्वीसारखेच, वजन पूर्वीसारखेच, नाक्याची नोंद पूर्वीसारखीच. केवळ मालधनी बदलला. पुढे काही खाजगी नावे पुन्हा दिसतात, पण तिसऱ्या शतकाच्या मध्यानंतर ती टेकडीच वाढावयाची थांबते. दरम्यान आफ्रिकेचे तेल स्पर्धेत उतरले होते आणि साम्राज्यात अंदाधुंदी माजली होती.

चौथ्या शतकात आव्हिएनस या कवीने गादेस पाहिले. एके काळचे संपन्न नगर त्यास दरिद्री, लहानसे, पडक्या भिंतींचे दिसले. हर्क्युलीसच्या पूजेखेरीज पाहण्यासारखे त्यास काही आढळले नाही. पाचशे धनिकांची घरे कोठे होती, हे सांगण्यास कोणी उरले नव्हते. नगरातील रोमन नाट्यगृह घरांखाली असे गाडले गेले की, त्याचा शोध इ. स. १९८० मध्ये लागला.

त्या पाचशे जणांनी बांधलेले वाडे गेले, मिळविलेली नाणी पसरली, पदव्या विस्मरणात गेल्या. ज्या गोष्टीस त्यांनी स्वतः फारसे मोल दिले नसेल, ती त्यांच्या मुनिमांनी नदीकाठी उभे राहून शाईने केलेली नोंद तेवढी आपणांपर्यंत पोहोचली. १९८९ पासून स्पॅनिश संशोधकांनी त्या टेकडीचे पुन्हा पद्धतशीर उत्खनन हाती घेतले. खापरामागून खापर उचलून ते वजने वाचीत गेले. अठराशे वर्षांनी कोणी आपला हिशेब तपासील, असे त्या कारकुनांच्या स्वप्नीही आले नसेल. तरीही लिहिलेले बारदान आणि लिहिलेले वजन यांचा मेळ बसतो. संघाच्या सभासद बंधूंनी आपल्या जुन्या वह्या, बाडे आणि हुंड्यांचे कागद रद्दीत घालण्यापूर्वी क्षणभर त्या खापरांचे स्मरण करावे, एवढेच सुचवून हा लेख पुरा करतो.